वेळापत्रकाबाहेरचा तास

नेपाळच्या डोंगरी गावात दोन-तीन महिने शिकवायला जायचं ठरलं, की आपल्याकडची माणसं सगळ्यात आधी टाचणवही काढतात. पहिल्या आठवड्यात इंग्रजी संभाषण, दुसऱ्यात अपूर्णांक, तिसऱ्यात विज्ञानाचे प्रयोग. सोबत रंगीत तक्ते, लॅमिनेट केलेली चित्रं, बक्षिसाला पेन्सिली. निवृत्त शिक्षक असोत, समाजकार्याचे विद्यार्थी असोत की नोकरीतून रजा काढून निघालेले अभियंते, तयारी साधारण अशीच. तिथं पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात वहीतला बराचसा मजकूर बाद होतो.

यात कुणाचा दोष नसतो. नेपाळचं शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. तारखा विक्रम संवताच्या, त्यामुळे फळ्यावरचं साल बघून आपण काही दशकं पुढे आलोय असं वाटतं. घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं. साप्ताहिक सुट्टी शनिवारची. मुलं सकाळीच डाळ-भात जेवून दहाच्या सुमाराला शाळेत येतात. दशैं आणि तिहारच्या सणांना शाळा बंद, पावसाळ्यात दरड कोसळली की रस्ता बंद, आणि भातलावणीच्या दिवसांत मोठ्या वर्गांतली मुलं चिखलात. पुण्या-नागपुरात बसून केलेली आखणी यात कुठं बसवणार?

मग होतं असं, की वर्गात तुमचा तास कधी भरतो, कधी भरत नाही. पण धाऱ्यावर, म्हणजे गावच्या पाणवठ्यावर पाणी भरताना, चियापसलच्या, म्हणजे चहाच्या दुकानाच्या बाकावर, ज्या घरी उतरलात तिथल्या चुलीपाशी कुणीतरी काहीतरी विचारतं. हा कागद वाचून दाखवाल का? फोनवर मुलाचा चेहरा कसा दिसतो? भूकंप परत येणार का? हे प्रश्न टाचणवहीत कुठंच नसतात आणि तुम्ही तिथं आहात म्हणूनच विचारले जातात. बहुतेक स्वयंसेवक त्यांना मधली वेळ समजतात. माझं म्हणणं उलट आहे. परक्या देशात थोड्या दिवसांसाठी गेलेल्या माणसाच्या हातून जे खरंखुरं शिकवणं घडतं, ते पुष्कळदा याच वेळात घडतं. मात्र त्या वेळेचा हेतू आपण ठरवायचा नसतो. तो विचारणाऱ्याकडे आधीच असतो. तो नीट ऐकून घ्यायचा, आणि आपण निघून गेल्यावरही त्याचं काम अडणार नाही अशी सोय करायची.

निघण्याआधी

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. भारतीय नागरिकाला नेपाळमध्ये व्हिसा लागत नाही. पण अमेरिकेचा, ब्रिटनचा पासपोर्ट असलेली आपली मुलं-नातवंडं जाणार असतील, तर पर्यटक व्हिसावर परवानगीशिवाय काम करता येत नाही, बिनपगारीसुद्धा नाही, हे त्यांना आधीच सांगा. परदेशी संस्थांना तिथल्या समाज कल्याण परिषदेशी करार करावा लागतो. तुम्हाला नेणाऱ्या संस्थेला त्याबद्दल विचारा, आणि ज्या गावात जाणार तिथल्या गाउँपालिकेला, म्हणजे स्थानिक सरकारला, तुमच्या येण्याची कल्पना आहे का, हेही विचारा. २०१५च्या संविधानानंतर माध्यमिकपर्यंतच्या शाळा स्थानिक सरकारांच्या अखत्यारीत गेल्या आहेत. अशी सरकारं ७५३ आहेत. हे प्रश्न विचारल्यावर संस्था चिडली, तर ती संस्था सोडा.

अनाथाश्रमात शिकवायचं आमंत्रण असेल तर नकार द्या. हे कठोर वाटेल, म्हणून कारण सांगतो. कॉनर ग्रेनन हा अमेरिकन तरुण २००४ साली काठमांडूजवळच्या गोदावरीत अशाच एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून गेला. तिथली मुलं अनाथ नव्हतीच. शिक्षणाचं आमिष दाखवून, आई-वडिलांकडून पैसे घेऊन दलालानं ती हुमला या दूरच्या जिल्ह्यातून आणली होती. ग्रेननला शिकवायचं होतं. करावं लागलं ते मुलांची घरं शोधण्याचं काम, आणि त्यातून पुढे त्याची संस्था उभी राहिली. हे सगळ्यांना जमणारं नाही. आपल्याला एवढं तर नक्की जमतं, की पर्यटकांच्या वाटेवर उघडलेल्या अशा घरांना आपल्या येण्यानं गिऱ्हाईक मिळवून द्यायचं नाही.

आता पिशवी. तक्ते निम्मे काढून टाका आणि त्या जागी अशा वस्तू घ्या ज्या गावाजवळच्या बाजारातही मिळतात: सुतळी, मोजपट्टी, छोटे लोहचुंबक, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. अरविंद गुप्तांची खेळणी पाहिलेल्यांना ती नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या यांची करामत ठाऊक असेल. नळीचे तुकडे सांधे म्हणून वापरून त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनतात. चौकोन दाबला की चपटा होतो आणि त्रिकोण ढिम्म हलत नाही, हे मूल हातानं अनुभवतं. काड्या तिथंच विकत घ्या. विमानातून नेऊ देत नाहीत हे एक कारण, आणि मुलांनाही त्या दुकानातून आणता येतात हे दुसरं. परदेशातून नेलेली चकचकीत वस्तू तुमच्याबरोबरच परत येते किंवा मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद होते. मराठी माणसाला आणखी एक सोय फुकट मिळते, ती लिपीची. दुकानाच्या पाट्या, पाठ्यपुस्तकं, आकडे सगळं वाचता येतं. पण वाचता आलं म्हणजे समजलं असं धरून चालू नका. शिवाय तामाङ, मगर, थारू वस्त्यांमधल्या कितीतरी मुलांची घरची भाषा नेपाळीही नसते. २०२१च्या जनगणनेत तिथं १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या. तुम्ही इंग्रजी शिकवता तेव्हा ती त्या मुलाची तिसरी भाषा असते.

विचारणारा कोण, विचारतोय काय

सगळ्यात नेहमीचा प्रसंग घ्या. गुरुजी गाउँपालिकेच्या बैठकीला गेले आहेत, वर्गात गलका चालला आहे, आणि कुणीतरी तुम्हाला म्हणतं, "सर, वर्ग हेर्नुस् न." म्हणजे जरा वर्ग बघा. अशा वेळी स्वतःचा राखून ठेवलेला आवडता पाठ काढायचा मोह होतो. काढू नका. एखाद्या मुलाची वही मागा, शेवटचं काय झालं ते बघा, त्याचाच सराव घ्या. पुढच्या इयत्तेतल्या मुलांना मागच्यांजवळ बसवा. छोट्या शाळांत मोठी भावंडं एरवीही तेच करत असतात. फळ्यावर चूक दिसली तर मुलांसमोर दुरुस्त करू नका. तास संपल्यावर फळ्याच्या कोपऱ्यात काय घेतलं ते लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी गुरुजींना तिथून उचलता येईल. एवढ्यानं तुमचा तास त्यांच्या तासाला जोडला जातो. नाहीतर तो पाहुण्यांचा कार्यक्रम होऊन बसतो, मुलं टाळ्या वाजवतात आणि गुरुजी तुम्हाला टाळायला लागतात.

घरातला प्रसंग याहून नाजूक. नेपाळच्या डोंगरातल्या पुष्कळ घरांमधला कर्ता मुलगा आखातात, मलेशियात किंवा कोरियात असतो. घरी म्हातारी आई, सून, नातवंडं. आजीच्या हाती मुलानं पाठवलेला फोन असतो, पण कॉल लावायचा तर नातीला शोधावं लागतं. ती तुम्हाला म्हणते, जरा लावून द्या. लावून देणं अगदी सोपं असतं, पण ते शिकवणं झालं नाही. फोन तिच्याच हातात राहू द्या. अक्षरओळख नसेल तर नावाच्या जागी मुलाचा फोटो लावा, तो फोटो पहिल्या पानावर आणा, आणि बोट तिचं तिलाच टेकवू द्या. चुकलं तरी फोन ओढून घेऊ नका. हात मागे बांधून बसायची सवय या कामात फार उपयोगी पडते. ती एकदा करेल, तुम्ही बघाल. दुसऱ्या दिवशी ती विसरलेली असेल. तेव्हा पुन्हा तुम्ही सांगण्याऐवजी नातीला सांगायला बसवा, कारण तुम्ही गेल्यावर नातच तिथं असणार आहे. आणि हो, मुलगा दिसायला लागला की तिथून उठा. ते बोलणं त्यांचं आहे.

आता कागदाचा प्रश्न. माझ्या मते नेपाळमध्ये इंग्रजी वाचता येणाऱ्या पाहुण्याला याहून मोलाचं काम क्वचित मिळतं. चियापसलमध्ये एखादा पोरगा तुमच्याजवळ सरकतो. त्याला कतार किंवा मलेशियात नोकरी लागणार आहे. म्यानपावर कंपनीनं, म्हणजे कामगार परदेशी पाठवणाऱ्या दलाल कंपनीनं, इंग्रजीतला करार दिला आहे आणि उद्या-परवा सही करायची आहे. तो एवढंच विचारतो, "ठिक छ?" ठीक आहे ना?

या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देऊ नका. तुम्हाला त्याचं कर्ज माहीत नाही, घर माहीत नाही, तिकडची कंपनी माहीत नाही. तुम्हाला फक्त वाचता येतं. तर वाचा, ओळ न ओळ, आणि त्यातले आकडे त्याच्याच हातानं एका कोऱ्या कागदावर लिहून घ्या. मूळ पगार किती, कोणत्या चलनात. जेवण-राहणं कंपनीकडून की पगारातून कापून. रोजचे तास, आठवड्याची सुट्टी, जादा कामाचा दर, कराराची मुदत. मग त्याला म्हणा, एजंट तोंडी काय म्हणाला ते याच्या शेजारी लिही. दोन रकाने समोरासमोर आले की पुढचे प्रश्न त्याचे तोच विचारतो. त्याला एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी. नेपाळ सरकारनं २०१५च्या जुलैपासून आखाती देश आणि मलेशिया मिळून सात देशांसाठी व्हिसा आणि तिकिटाचा खर्च मालकानं करायचा असा नियम केला आहे. तिथं याला सगळे 'फ्री भिसा, फ्री टिकट' म्हणतात. नियम पाळला जातोच असं नाही, पण तो ठाऊक असलेल्या माणसाशी एजंट जरा जपून बोलतो. बऱ्याच जिल्ह्यांत सरकारी कार्यालयाच्या आवारात आप्रवासी स्रोत केंद्र असतं. तिथं विनामूल्य सल्ला मिळतो. आपल्या गावाहून त्याचा पत्ता काय, तिथं कधी जायचं, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवलेलं बरं.

हा पोरगा गेला की आणखी दोघं येतात. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. प्रसंग असा पुन्हा घडायला लागला, की त्याला तुमच्या बाकावरून उठवून वर्गात नेण्याची वेळ आली असं समजा. गणिताच्या शिक्षकांना सांगा: नववी-दहावीच्या मुलांना रियाल आणि रिंगिटचे रुपये करणं, जादा तासांचा हिशेब, तीन लाखांच्या कर्जावर दरमहा शेकडा तीन व्याज गेलं तर किती महिने फक्त व्याजातच जातात, अशी गणितं देऊ या का? शेकडेवारी आणि व्याज अभ्यासक्रमात असतंच. उदाहरणं बदलायची आहेत. शिक्षक हो म्हणाले तर तास त्यांनी घ्यायचा, तुम्ही मागच्या बाकावर. नको म्हणाले तर तिथंच थांबायचं. त्यांचा भाऊही कदाचित त्याच एजंटकडून गेलेला असतो.

आपल्या मातीत या वाटेनं गेलेलं एक मोठं काम आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळा उघडल्या, तेव्हा मुलं येईनात. ती गुरं राखायला जात. मग बाईच कुरणावर गेल्या आणि 'कुरणशाळा' सुरू झाली. गुरं चरताना मुलांचं जे चाललेलं असतं, पानं, दगड, पक्षी, गाणी, त्यातूनच धडे निघाले. पुढे तीच पद्धत म्हणून ओळखली गेली. नेपाळला निघालेल्या शिक्षकानं टाचणवहीआधी त्या दोघींचं काम वाचावं.

जमीन हलते तेव्हा

काही प्रश्न असे येतात की त्यांच्यापुढे माहिती पुरत नाही. सिंधुपाल्चोक, गोरखा, रसुवा, नुवाकोट या भागांत गेलात तर भूकंपाचा प्रश्न येणारच. २५ एप्रिल २०१५ला सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी ७.८ तीव्रतेचा धक्का बसला आणि सुमारे ९,००० माणसं गेली. तो शनिवार होता. शाळेच्या हजारो खोल्या कोसळल्या, पण सुट्टी असल्यामुळे त्या रिकाम्या होत्या. आज शाळेत बसलेली लहान मुलं त्या वेळी जन्मलेलीही नव्हती. तरी त्यांच्या घरातल्या खांबांना, अंगणातल्या पत्र्याच्या खोलीला, आजोबांच्या बोलण्याला तो भूकंप चिकटलेला आहे. एखाद्या दुपारी भांडी खडखडतात, सगळे बाहेर धावतात, काही होत नाही, आणि धुळीत उभं राहून एक मुलगी विचारते, परत मोठा येणार का?

आधी तिलाच विचारा की घरी काय सांगतात. ती सांगेल, दुसरा त्यात भर घालेल, आणि कुणाला किती ठाऊक आहे ते तुम्हाला कळेल. हे ऐकताना एखादं मूल गप्प झालेलं दिसलं तर त्याला काही विचारू नका, त्याच्याकडे बघतही राहू नका. मग समजावून सांगा. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकतो आहे. हिमालयापाशी वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर, आपल्या नखांच्या वाढीच्या साधारण निम्म्या वेगानं. अंगणात सतरंजी पसरून एका टोकानं ढकललीत तर ज्या घड्या पडतात त्या मुलांना लगेच कळतात, कारण त्यांचं गाव अशाच एका घडीवर वसलेलं आहे. अडकलेली जमीन एकदम सुटते तो भूकंप. तुम्ही लातूर-धाराशिवकडचे असाल तर किल्लारीचं जरूर सांगा: १९९३, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपलेली, ३० सप्टेंबरची पहाट. मुलांना बरं वाटतं की हे फक्त आपल्याच वाट्याला आलेलं नाही. पण मग एखादं चलाख पोर विचारेल, तुमच्याकडे तर हिमालय नाही, मग कसा आला? प्रश्न बिनतोड आहे. किल्लारी भूखंडाच्या कडेवर नाही, पार आत आहे, आणि सतरंजीनं ते समजावता येत नाही. तसं सरळ सांगा. आतल्या भागातही जुन्या भेगा असतात आणि कधीतरी त्या सरकतात, एवढं पुरे.

आणि मूळ प्रश्न, परत येणार का? येईल. कधी, ते जगात कुणालाही सांगता येत नाही. हे उत्तर ऐकवताना जीभ अडखळते आणि काहीतरी गोड बोलावंसं वाटतं. गोड बोलू नका, मुलांना खोटं लगेच कळतं. त्याऐवजी त्यांना उठवा आणि शाळेभर फिरवा. कोणत्या बाकाखाली शिरता येईल, कोणतं दार आत उघडतं, कोणत्या भिंतीला तडा आहे, मैदानात कुठं उभं राहिलं तर वर काही नाही. हे मुलांनी शोधायचं, तुम्ही फक्त मागे चालायचं. शेवटी तो नकाशा मुख्याध्यापकांच्या हवाली करायचा. सराव घ्यायचा की नाही आणि कधी, ते त्यांनी ठरवायचं. पालकांना काय सांगायचं हेही त्यांनीच.

जिथं मागे सरायचं

आजारपणाच्या प्रश्नात तुम्ही डॉक्टर असलात तरी आधी गावातल्या महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविकेला गाठा. १९८८पासून चाललेला हा कार्यक्रम आहे. देशभर सुमारे पन्नास हजार बाया यात आहेत, त्यांतल्या कित्येकींनी आयुष्य यात घालवलं आहे. पोराला जुलाब लागलेत आणि आई तुम्हाला विचारतेय, तर मीठ-साखरेचं प्रमाण तुम्हाला पाठ असेल. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. तरी त्या बाईकडे 'जीवन जल'ची पुडी असते, ती आईच्या ओळखीची असते आणि पुढच्या वेळीही तिथंच मिळणार असते. मुलाचे डोळे खोल गेले असतील, ते पाणी पीत नसेल, तर बोलत बसण्याची ती वेळ नव्हे. थेट आरोग्य चौकी. मुलींचे पाळीबद्दलचे प्रश्नही शाळेतल्या शिक्षिकेला सोबत घेतल्याशिवाय हाती घेऊ नयेत. पश्चिम नेपाळात पाळीच्या दिवसांत बाईला गोठ्यात ठेवण्याची छाउपडीची प्रथा २०१७च्या कायद्यानं गुन्हा ठरली, पण तुमच्या भाषणानंतर घरी आजीशी भांडायची पाळी त्या मुलीवर येते.

मुलांबरोबर एकटं राहायचं नाही, फोटो काढून पसरवायचे नाहीत, घरी परतल्यावर मुलांशी खासगी संपर्क ठेवायचा नाही. हे नियम संस्थेनं सांगितले नसले तरी पाळा.

दर क्षणाला शिकवण्याची संधी मानणारा स्वयंसेवक गावाला जड होतो. भात कापणाऱ्या बाईला इंग्रजीत आकडे कशाला शिकवायचे? त्यापेक्षा डोको, म्हणजे तिची टोपली, पाठीवर घ्या, ती पेलणारी नाम्लोची पट्टी कपाळावर कशी बसवायची ते तिच्या मुलाकडून शिका. तुम्ही पहिल्या उतारावरच लटपटाल, सगळे हसतील. ते पोर तुम्हाला समजावताना पायऱ्या पाडून सांगतं, चूक दाखवतं, धीर देतं. वर्गात ज्याचं तोंड उघडत नाही असं पोर इथं मास्तर होतं, आणि त्याला काय येतं याचा अंदाज तुम्हाला इथंच लागतो. तामाङ आकडे त्याच्याकडून शिकून घ्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेच आकडे नेपाळी आणि इंग्रजीच्या शेजारी लिहायला त्यालाच बोलवा.

संध्याकाळची वही

पंधरा दिवसांनी एखाद्या संध्याकाळी बहुतेकांना वाटतं, मी इथं करतोय काय? नियोजन मोडलं, परीक्षेचा निकाल काही माझ्यामुळे बदलणार नाही, आणि वीज गेलेली आहे. यावर दोन खोटी औषधं असतात. एक, आखणी जोरात पुढे रेटणं. दुसरं, दिवसभरात कुणीतरी 'धन्यवाद सर' म्हटलं ते आठवून खूश होणं. दुसरं जास्त फसवं, कारण पाहुण्याला धन्यवाद मिळतातच.

टाचणवहीच उलटी धरा आणि मागच्या पानांपासून लिहायला लागा. कुणी विचारलं, त्याच्याच शब्दांत काय विचारलं, मी काय केलं, आणि चार दिवसांनी ते त्याचं त्याला आलं का. शेवटचा रकाना सुरुवातीला कोराच राहतो. तो भरायचा तर पुन्हा त्या घरी जावं लागतं, आजीनं स्वतः फोन लावला का ते नुसतं बसून बघावं लागतं. महिन्याभरात दिसतं की वीसेक प्रश्नांपैकी सात-आठ एकाच गोष्टीभोवती आहेत. मग पुढच्या दिवसांची आखणी त्यांच्याभोवती करा. खुंबूतली खुम्जुङची शाळा अशाच विचारण्यातून निघाली. एव्हरेस्ट चढून गेलेल्या हिलरीनं शेर्पांना विचारलं की तुम्हाला काय हवंय, आणि त्यांनी शाळा मागितली. ती १९६१ साली उभी राहिली आणि अजून चालू आहे. हिलरीकडे त्या वेळी काही शैक्षणिक योजना होती म्हणून नव्हे.

एकेका प्रश्नाला गावातला एक माणूस जोडून ठेवा. कागद वाचायला बारावी झालेली अमुक मुलगी, फोनसाठी नात, भूकंपाच्या सरावाला विज्ञानाचे सर. ज्या प्रश्नाला माणूस सापडत नाही त्याच्यासमोर तसं लिहा. तुमच्यानंतर येणाऱ्या स्वयंसेवकाला तीच जागा भरायची असते. निघण्याच्या आठवड्यात ही पानं, माणसांची खासगी माहिती गाळून, नेपाळीत उतरवून घ्या. लिपी आपलीच आहे, भाषा एखाद्या शिक्षकाकडून तपासून घ्या. एक प्रत मुख्याध्यापकांना, एक तुम्हाला पाठवणाऱ्या संस्थेला. निरोपाच्या कार्यक्रमात खादा, म्हणजे मानाचं उपरणं, आणि फुलांच्या माळा घालतील तेव्हा पुन्हा येण्याचं वचन देऊ नका. तिकीट काढलेलं असेल तरच तारीख सांगा, आणि ती विक्रम संवतात सांगा.